गुप्तांगावरील पुटकुळ्या : खात्रीचे निदान कसे मिळवावे?

तुमचे वय २६ आहे. चार महिन्यांपूर्वी शिश्नमुंडाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या. त्या दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि वाढल्यासारख्याही वाटत नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी त्यांना चामखीळ म्हटले, दुसऱ्यांनी बुरशीवरचे मलम लिहून दिले आणि तिसऱ्यांनी न पाहताच ‘काही नाही’ असे सांगून परत पाठवले. मधल्या काळात तुम्ही स्वतःहून रक्ताच्या बऱ्याच तपासण्या करून घेतल्या. त्या सगळ्या नॉर्मल आल्या, तरी मनातली धास्ती गेली नाही. आता कोणाकडे जावे, कोणती तपासणी करावी, मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबावे आणि जोडीदाराला काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्या पुटकुळ्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्या कशाच्या आहेत हे मी इथून सांगणार नाही. वर्णनावरून एक शक्यता मला बळकट वाटते, ती निरुपद्रवी आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहे; पण या भागाच्या नाजूक त्वचेवर एकसारखे दिसणारे उंचवटे इतक्या निरनिराळ्या कारणांनी येतात, की केवळ शब्दांवरून किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून दिलेले नाव हा अंदाजच राहतो. तीन डॉक्टरांची तीन मते ऐकून तुमचा विश्वास डळमळला असेल तर ते साहजिक आहे. मात्र तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते : तिघांपैकी कोणीही ‘हे कशावरून’ ते सांगितलेले नाही. विश्वासार्ह निदानाची ओळख मला तिथेच पटते. कोणत्या खुणांवरून नाव ठरवले, तसेच दिसणारे दुसरे कोणते विकार विचारात घेऊन बाजूला सारले, आणि अंदाज चुकला असेल तर तो कधी व कसा लक्षात येईल, या तिन्हींचे उत्तर मिळाले तर ते निदान पक्के मानायला हरकत नाही.

या तक्रारीने घाबरून येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना मुळात कोणताही आजार नसतो. शिश्नमुंडाच्या कडेला, म्हणजे जिथे गोलाकार उंचवटा संपून खाच सुरू होते तिथे, एक-दोन मिलिमीटर उंचीचे, मोत्यासारखे किंवा त्वचेच्याच रंगाचे दाणे एका किंवा अधिक ओळींत बसलेले असतात. त्यांना पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात. निरनिराळ्या पाहण्यांत पुरुषांमधील त्यांचे प्रमाण १४ ते ४८ टक्के इतके आढळले आहे, म्हणजे ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नाही. ते बहुधा वयात आल्यानंतर दिसू लागतात, संसर्गाने येत नाहीत, कोणाला लागत नाहीत, त्यांचा पुढे कर्करोग होत नाही आणि त्यांना उपचाराची गरज नसते. पण वर्षानुवर्षे असलेले हे दाणे माणसाच्या नजरेस बहुतेक वेळा एखाद्या शरीरसंबंधानंतर, भीतीने निरखून पाहताना, पहिल्यांदा पडतात. आणि मग ते त्या संबंधामुळेच आले अशी मनाची खात्री होते. ‘कधी दिसले’ आणि ‘कधी आले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रुग्णाची हकिगत ऐकताना मी ते नेहमी वेगवेगळे विचारतो.

एक प्रसंग सांगतो. असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. दुसरीकडे त्याच्या या दाण्यांना चामखीळ समजून त्यांपैकी काही डागून काढले होते आणि तिथे लहान पांढुरके व्रण राहिले होते. मी त्या भागावर डर्मोस्कोप धरला. डर्मोस्कोप म्हणजे साधारण दहापट मोठे दाखवणारे, स्वतःचा प्रकाश असलेले भिंग. त्याला जोडलेल्या पडद्यावर द्राक्षांच्या घडासारखे, एकाला एक लागून बसलेले फिकट गुलाबी गोल दिसू लागले, प्रत्येकाच्या मध्यभागी स्वल्पविरामासारखी बारीक रक्तवाहिनी, आणि सगळे जवळपास एकाच मापाचे. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि ओळ कुठून सुरू होऊन कुठे संपते ते त्यालाच बोटाने दाखवायला सांगितले. चामखिळी अशा शिस्तीत रांग धरून बसत नाहीत. त्या विखुरलेल्या असतात, लहानमोठ्या असतात आणि त्यांचा पृष्ठभाग कोबीच्या फुलासारखा खडबडीत असतो. त्या दिवशी त्याला एकही नवी तपासणी लिहून द्यावी लागली नाही. तीन मिनिटे नीट पाहिले असते तर ते व्रण टळले असते, याची मला आजही हळहळ वाटते.

याच जातीची दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स. त्या त्वचेतल्या तेलग्रंथीच असतात, फक्त केसाविना उघड्यावर आलेल्या. पिवळसर पांढऱ्या, त्वचा ताणली की अधिक स्पष्ट दिसणाऱ्या. ओठांच्या आतल्या बाजूलाही त्या अनेकांना असतात, त्यामुळे रुग्णाला आरशात स्वतःचे ओठ दाखवले की अर्धी चिंता तिथेच मिटते. वृषणकोषावर वाढत्या वयात दिसणारे गडद लाल किंवा जांभळे ठिपके बहुधा फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे असतात. स्त्रियांमध्ये योनिमुखाच्या आतल्या बाजूस मऊ, गुलाबी, बोटांसारखे बारीक उंचवटे दोन्हीकडे सारखे असू शकतात आणि त्यांनाही पुष्कळदा चामखीळ समजून डागले जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे : या नैसर्गिक उंचवट्यांत प्रत्येकाचे बूड स्वतंत्र असते, तर चामखिळीत अनेक कोंब एकाच बुडातून फुटलेले असतात.

आता खऱ्या चामखिळीकडे येतो. जननेंद्रियावरील चामखिळी एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. सुमारे ९० टक्के चामखिळींमागे त्याचे ६ आणि ११ हे प्रकार असतात, आणि हे दोन प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने कमी जोखमीचे मानले जातात. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ जातो, त्यामुळे ‘कोणाकडून आली’ याचा हिशेब मांडणे बहुतेक वेळा व्यर्थ ठरते आणि त्या हिशेबाने चांगली नाती मोडलेली मी पाहिली आहेत. अनुभवी डॉक्टर ठराविक रूपाची चामखीळ डोळ्यांनी पाहूनच ओळखतात. पूर्वी त्या जागेवर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचे पाणी, लावून त्वचा पांढरी पडते का ते पाहण्याची पद्धत सरसकट होती. ती खात्रीची नाही, कारण घर्षणाने किंवा दाहाने हुळहुळलेली त्वचा आणि कधीकधी पूर्ण निरोगी त्वचाही तशीच पांढरी पडते. घरी हा प्रयोग करून ‘पांढरे झाले’ म्हणून घाबरून येणारे कितीतरी रुग्ण असतात. तुम्ही तो करू नये.

एचपीव्ही चाचणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण सर्वाधिक पैसा आणि मनस्ताप इथेच वाया जातो. प्रयोगशाळांतून सहज उपलब्ध असलेली एचपीव्ही चाचणी मुख्यतः स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी करण्यासाठी घडवलेली आहे. ती १६, १८ यांसारखे अधिक जोखमीचे प्रकार शोधते. चामखीळ करणारे ६ आणि ११ तिच्या यादीत बहुधा नसतातच. म्हणून ती निगेटिव्ह आली तरी पुटकुळी चामखीळ नाही असे सिद्ध होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तरी समोरची पुटकुळी त्या विषाणूमुळेच आली असेही ठरत नाही, कारण हा विषाणू कोणतीही खूण न दाखवता असंख्य निरोगी माणसांच्या त्वचेवर येतो आणि बहुतेकांच्या शरीरातून काही महिने ते दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. चामखिळीच्या निदानासाठी रक्ताची कोणतीही उपयुक्त चाचणी नाही. तुमच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही प्रश्न सुटला नाही याचे कारण हेच आहे : प्रश्न त्वचेचा होता आणि उत्तर रक्तात शोधले गेले.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण नुसत्या नजरेवर भरवसा ठेवून मी स्वतः चुकलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या गुदद्वाराभोवती आणि जांघेत ओलसर, चपट्या, रुंद बुडाच्या गाठी होत्या. मी त्यांना चामखीळ ठरवले आणि त्यावरचे औषध लावले. सिफिलीस या लैंगिक संसर्गासाठीची व्हीडीआरएल ही रक्तचाचणी केली होती, ती निगेटिव्ह आली, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उमटलेले होते. तेच रक्त पातळ करून पुन्हा तपासायला सांगितले, आणि चाचणी जोरदार पॉझिटिव्ह आली. तो दुसऱ्या टप्प्यातला सिफिलीस होता, ज्याला लोक गरमी म्हणतात. रक्तातली प्रतिपिंडे फारच जास्त असली की न पातळ केलेल्या रक्तात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, याला प्रोझोन म्हणतात. आणि ‘पातळ करून पाहा’ असे डॉक्टरांनी सांगितले नाही तर प्रयोगशाळा ते दर वेळी करतेच असे नाही. योग्य मात्रेत बेंझाथीन पेनिसिलिन दिल्यावर त्या गाठी विरून गेल्या. पण मधले तीन आठवडे तो माणूस आजार घेऊन फिरत होता, आणि त्या ओल्या गाठींमधून जंतू फार सहज दुसऱ्याला जातो. तेव्हापासून जननेंद्रियावर नवा उंचवटा घेऊन आलेल्या, लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येकाची सिफिलीसची तपासणी मी करतोच, मग उंचवटा कितीही ओळखीचा वाटो. चाचणी संबंधानंतर लगेच केली असेल तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, कारण या आजाराची पहिली खूण दिसायलाच ९ ते ९० दिवस लागू शकतात.

इतर कारणांपैकी काहींचा उल्लेख पुरेसा आहे. मोलस्कम नावाच्या विषाणूचे दाणे चकचकीत, गोल आणि मध्यभागी बेंबीसारखा खळगा असलेले असतात. प्रौढ माणसाला ते खूप संख्येने, विशेषतः चेहऱ्यावरही आले, तर एचआयव्हीची तपासणी करावी. हर्पीसमध्ये लालसर त्वचेवर पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका येतो, तो झोंबतो, फुटतो आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरून येतो. म्हणून चार महिने जसेच्या तसे राहिलेले दाणे हर्पीसचे असण्याची शक्यता फार कमी. हर्पीसचा संशय असेल तर फोड ताजा असताना त्यातील स्रावाची पीसीआर, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी, तपासणी करावी. रक्तातील आयजीएम चाचणीवर विसंबू नये, ती दिशाभूल करते. खरजेच्या गाठी वृषणकोषावर आणि शिश्नावर हमखास येतात, रात्री प्रचंड खाजतात, आणि पुरेसे उपचार होऊनही काही आठवडे ते महिने रेंगाळतात; अशा वेळी बोटांच्या बेचक्या पाहाव्यात आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का ते विचारावे. लायकेन प्लॅनस या त्वचाविकाराचे जांभळट चपटे दाणे असतील तर गालाच्या आत पांढरी जाळी दिसू शकते. दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर आत वळलेल्या केसांमुळे उठलेल्या पुळ्या तर रोजच्याच.

माझी खरी काळजी असते ती संख्येने थोड्या पण निसटू नयेत अशा रुग्णांची. तपकिरी किंवा काळपट, चपटे, चामखिळीसारखेच दिसणारे काही डाग एचपीव्ही १६ शी निगडित असतात आणि त्यांच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल असतात. त्यांना बोवेनॉइड पॅप्युलोसिस म्हणतात. बुडाशी घट्ट लागणारी, सहज रक्त येणारी, न भरणारी जखम झालेली, रंग बदलणारी, भराभर वाढणारी, किंवा योग्य उपचार करूनही न बदलणारी वा उपचारादरम्यानच वाढणारी कोणतीही गाठ असेल, तर तिचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, टाळू नये. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या बाबतीत तर हा निर्णय आणखी लवकर घ्यावा. बायॉप्सीची भीती नावापुरतीच मोठी आहे : जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि लागलाच तर एखादा टाका घालतात. मात्र एक गोष्ट रुग्णालाही माहीत असावी. चामखिळीवर लावायचे पोडोफायलिन हे औषध नुकतेच लावलेले असेल तर पेशींमध्ये असे बदल दिसतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते कर्करोगपूर्व वाटू शकतात. म्हणून यापूर्वी काय लावले, केव्हा लावले, हे बायॉप्सीच्या अर्जावर लिहिलेले आहे ना, हे तुम्ही स्वतः विचारून घ्यावे. पॅथॉलॉजिस्टला नुसता तुकडा मिळाला आणि हकिगत मिळाली नाही, तर त्याचेही उत्तर अर्धेच राहते.

आता कोणाकडे जावे ते सांगतो. त्वचारोग आणि लैंगिक संसर्ग या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे जा. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेले तरी चालते, पण शंका उरली तर त्वचारोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे त्या जागेवर काहीही लावू नका. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे विशेष घातक, कारण ती खरा आजार दडवतात आणि वर स्वतःचा नवा पुरळ निर्माण करतात. हातापायांच्या चामखिळीवरचे सॅलिसिलिक ॲसिड या भागाला कधीही लावू नये, त्वचा भाजते. पुटकुळी दाबू, खरवडू किंवा कापू नका, आणि आदल्या दिवशी केस काढू नका. दाणे येतात-जातात असे असेल तर ते असतानाच जा, आणि वेळ लगेच मिळत नसेल तर स्वच्छ उजेडात फोटो काढून तारखेसह ठेवा. निदानासाठी तो पुरा पडत नाही, पण बदल दाखवण्यासाठी उपयोगी पडतो.

भेटीत डॉक्टरांनी तुमची हकिगत एकांतात ऐकून घेतली पाहिजे, तुम्हाला कपडे बाजूला करायला सांगून चांगल्या उजेडात तो भाग पाहिला पाहिजे, अग्रत्वचा मागे सारून, वृषणकोष उचलून, जांघेतल्या गाठी चाचपून, आणि तोंड, तळहात व गुदद्वाराभोवतीची त्वचाही तपासून. तपासताना सोबत कोणी कर्मचारी हवा की नको हे सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. न पाहता दिलेले निदान, ते धीर देणारे असो वा घाबरवणारे, मी निदान मानत नाही. तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांचे ‘काही नाही’ कदाचित बरोबरही असेल, पण त्याला आधार नव्हता, म्हणूनच ते तुम्हाला पटले नाही. संबंधांची माहिती मोकळेपणाने द्या : शेवटचा नवा जोडीदार केव्हा, निरोध वापरला का, संबंध कोणत्या प्रकारचे, पुरुषाशी की स्त्रीशी. हे प्रश्न चारित्र्य तोलण्यासाठी विचारलेले नसतात, कोणती जागा तपासायची आणि कोणती चाचणी केव्हा करायची हे त्यांवर ठरते. जिथे या उत्तरांवर उपदेश सुरू होतो, तिथून खुशाल उठून दुसऱ्याकडे जावे.

दाणे पाहून झाल्यावर सिफिलीस आणि एचआयव्ही या दोन तपासण्या करून घ्या. लघवीतून किंवा योनीतून स्राव, जळजळ असेल किंवा जोखीम असेल तर गोनोरिया आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांचीही. तुमचे जुने रिपोर्ट बरोबर न्या, कारण ते संबंधानंतर किती दिवसांनी केले यावर त्यांची किंमत ठरते. प्रयोगशाळेत झालेली चौथ्या पिढीची, म्हणजे प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी, एचआयव्ही चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह असेल तर ती खात्रीची मानली जाते; ती पुन्हा पुन्हा करून खात्री वाढत नाही.

तपासूनही डॉक्टर म्हणाले की आज नक्की सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, तर त्याला टाळाटाळ समजू नका. वर सांगितलेल्या घातक खुणांपैकी एकही नसेल तर वाट पाहणे ही सुद्धा एक तपासणीच आहे : नैसर्गिक दाणे तीन महिन्यांनी जसेच्या तसे असतात, चामखिळी बहुधा वाढतात, पसरतात किंवा विरतात, पुळ्या गेलेल्या असतात. त्या काळात मात्र रोज आरशापुढे उभे राहून मोजदाद करू नका. सतत ताणून, चिमटून पाहिल्याने तिथली त्वचा लाल होते, जळजळते, आणि त्या लालीचीच नवी भीती बसते. महिन्यातून एकदा, ठरवलेल्या दिवशी पाहणे पुरे. निदान होऊनही चोवीस तास तोच विचार डोक्यात फिरत असेल, झोप आणि काम बिघडले असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या चिंतेवरही उपचार असतात, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

जोडीदाराबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. निदान व्हायचे आहे तोवर त्या भागावर दाणे दिसले आहेत, तपासणी चालू आहे, आणि तोपर्यंत संबंध टाळू किंवा निरोध वापरू, एवढे खरे सांगणे पुरेसे आहे. निरोध ज्या त्वचेला झाकतो तिथेच संरक्षण देतो, हेही दोघांना माहीत असावे. नैसर्गिक दाणे ठरले तर सांगण्यासारखे काही उरतच नाही. चामखीळ ठरली तर जोडीदाराने एकदा तपासून घ्यावे, आणि स्त्री असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी तिच्या वयानुसार जशी करायची तशीच करावी, केवळ तुमच्या चामखिळीमुळे ती अधिक वेळा करण्याची गरज नसते. एचपीव्हीची लस आलेली चामखीळ घालवत नाही, पण ज्या प्रकारांचा संसर्ग अजून झालेला नाही त्यांपासून वाचवते. तुमच्या वयात ती दोघांनी घ्यावी का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. आणि सिफिलीस निघाला, तर जोडीदाराला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, त्वचेवर काही दिसत नसले तरीही.